काचबिंदू आणि रात्रीचा एक थेंब

काचबिंदूच्या औषधाची बाटली बहुतेक वेळा अडीच मिलिलिटरची असते, अंगठ्याएवढी. तीत साधारण ७५ ते ८० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक थेंब घातला तर महिन्याला ६० लागतात, म्हणजे महिना भरला तरी तळाशी थोडं औषध उरायला हवं. बाटली विसाव्या दिवशीच रिकामी होत असेल तर रोज एक-दोन थेंब गालावरून उशीत जाताहेत. तीच बाटली तिसऱ्या महिन्यातही खुळखुळत असेल तर औषध घेतलं जात नाहीये, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो. काचबिंदूवर लिहिताना सुरुवात दाब आणि नस यांपासून करायची पद्धत आहे. पण घरी नजर राखली जाते किंवा गमावली जाते ती बरीचशी बाटलीच्या टोकापासून डोळ्यापर्यंतच्या दोन बोटांच्या अंतरात, म्हणून हा हिशेब आधी.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात आणि त्यातून मोठा घोटाळा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसायला लागतं, चार महिने उशीर झाला तरी बहुधा बिघडत नाही. काचबिंदूत मरते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस. तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात आणि गेलेला तंतू परत उगवत नाही. उपचारांनी वाचतात ते उरलेले तंतू. ‘दिवाळी होऊ दे, मग बघू’ हा मोतीबिंदूचा हिशेब इथे लावला, तर दिवाळीपर्यंत जे गेलं ते गेलंच.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. अश्रू बाहेरचे, हा आतला. डोळ्याचा काचेसारखा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, आणि त्यामागचा रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बारीक जाळी असते, तिच्यातून हा द्रव निचरतो. मोरीची जाळी डोळ्यांसमोर आणा. जाळी उघडी दिसते पण तिच्या आत गाळ धरला, पाणी हळूहळू उतरतं: हा उघड्या कोनाचा काचबिंदू. जाळी ठीकठाक आहे, पण पायपुसणं सरकून तिच्यावर बसलं: हा बंद कोनाचा. इथे पायपुसणं म्हणजे तोच रंगीत पडदा. दोन्हींत आतला दाब वाढतो आणि नस जिथून डोळ्याबाहेर पडते त्या नाजूक जागी तंतू चेपले जातात.

सुरुवातीला यातलं काहीच जाणवत नाही. दुखत नाही, चष्म्याचा नंबर बदलेलच असं नाही, भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, कारण मधली नजर सर्वांत शेवटी जाते. बाजूची नजर जिथे गेली तिथे काळा डागही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून ती जागा भरून टाकतो आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. मग जिन्याची शेवटची पायरी चुकते, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने येणारी दुचाकी ‘अचानक’ समोर उभी राहते. घरचे म्हणतात, वय झालं. भारतात वस्तीवस्तीत जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना तोवर त्याचा पत्ता नव्हता.

तपासणीचं बोलायचं तर चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, हा समज आधी सोडावा. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. शिबिरात हवेचा फुत्कार मारून तो मोजतात. चाळणी म्हणून ठीक आहे. भरवशाचं मोजमाप म्हणजे डोळा बधिर करून, पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात छोटा शंकू कॉर्नियाला टेकवून घेतात ते. पण २१ ही लक्ष्मणरेषा नव्हे. कॉर्निया पातळ असेल तर यंत्र खरा दाब कमी दाखवतं. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली, आणि पाश्चात्त्य पुस्तकांत ती साधारण ५४० धरतात. त्यामुळे आपल्याकडे १८ चा आकडा पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. चष्मा घालवायला लेसर करून घेतलं असेल तर कॉर्निया आणखी पातळ झालेला असतो. हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, त्यांना बाहेरून ते सहज कळेलच असं नाही. शिवाय दाब कायम हद्दीत असूनही नस झिजणारे लोक आहेतच. त्यांच्यात रात्री रक्तदाब फार उतरतो का, हेही पाहावं लागतं, म्हणून ब्लडप्रेशरची गोळी झोपताना घेत असाल तर तीही नोंद फायलीत हवी.

दाबाखेरीज तीन गोष्टी पाहायच्या असतात: कोन, नस आणि नजरेचं क्षेत्र. कोन पाहायला डोळ्यावर आरशाचं भिंग टेकवतात. गर्दीच्या ओपीडीत हीच तपासणी गळते, आणि तीच गळली तर कोन उघडा की बंद हे ठरत नाही, म्हणजे उपचारांची दिशाच ठरत नाही. नसेच्या तोंडाशी वाटीसारखा खळगा असतो. तो नसेच्या तोंडाच्या पूर्ण गोल चकतीच्या किती पट, ते रिपोर्टवर ‘सीडीआर ०.७’ असं लिहितात. मोठ्या चकतीचा खळगा जन्मतःच मोठा असू शकतो, त्यामुळे एकट्या आकड्याला घाबरू नये. दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर मात्र खोलात जावं.

फील्ड टेस्टला, म्हणजे नजरेच्या क्षेत्राच्या तपासणीला, लोक परीक्षेसारखे घाबरतात आणि म्हणून ती बिघडते. पांढऱ्या अर्धगोलात मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं, एवढंच. यंत्र मुद्दाम इतके मंद दिवे दाखवतं की जवळजवळ निम्मे निरोगी माणसालाही दिसू नयेत; ‘मला दिसत नाहीये’ म्हणून अंदाजे बटण दाबायला लागलात की रिपोर्ट फुकट. डोळे मोकळेपणी मिटा-उघडा, नाहीतर कॉर्निया कोरडा होऊन धूसर दिसतं. पापणी ओघळत असेल तर वर चिकटपट्टी लावून मागा. दमलात तर बटण दाबून धरलं की बहुतेक यंत्रं थांबतात. पहिला रिपोर्ट बहुधा खराबच येतो, म्हणून दुसरा-तिसरा काढेपर्यंत निष्कर्ष काढू नये. कागदावर ‘एमडी’ असा आकडा असतो, निरोगी नजरेच्या तुलनेत सरासरी किती घट झाली ते सांगणारा: उणे ६ पर्यंत काचबिंदू सुरुवातीचा, उणे ६ ते १२ मध्यम, त्यापलीकडे गंभीर. ओसीटी या स्कॅनवर नसेच्या थराची जाडी हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत येते. ज्यांचा उणे नंबर मोठा आहे त्यांच्यात काचबिंदू नसतानाही लाल येऊ शकतो, कारण यंत्रातली तुलना साधारण लांबीच्या डोळ्यांशी असते. पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद एकाच फायलीत, तारखेनुसार ठेवावेत. काचबिंदूत आजचा आकडा एकटा फारसं बोलत नाही. मागच्या आकड्यांशेजारी ठेवला की बोलतो.

आता थेंब. दाब उतरवणं हा एकच उपाय सिद्ध झालेला आहे, आणि तो थोडाथोडकाही कामाला येतो: स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात दाब १ मिलिमीटरने कमी असला तरी रोग वाढण्याचा धोका सुमारे १० टक्के घटलेला दिसला. पण डोळ्याच्या खोबणीत जेमतेम एका थेंबाची जागा असते. दुसरा थेंब पहिल्यालाच धुऊन नेतो. ‘जास्त घातलं की जास्त गुण’ हे इथे चालत नाही.

हात धुवा. बाटलीतलं औषध दुधाळ असेल (ब्रिन्झोलामाइड तसं असतं) तर हलवा. बसून मान मागे टाका, किंवा सरळ आडवे व्हा. खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, वर छताकडे पाहा, बाटली उलटी करून डोळ्यापासून बोटभर अंतरावर धरा आणि एकच थेंब सोडा. टोक पापणीला किंवा पापण्यांच्या केसांना टेकता कामा नये. टेकलं की जंतू आत जातात आणि उरलेला महिना तेच जंतू थेंबाथेंबाने डोळ्यात. मग डोळा अलगद मिटा, आवळू नका, मिचकावू तर अजिबात नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने हलका दाब द्या आणि घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं थांबा. तिथे नाकात उतरणारी नळी आहे. ती दाबली नाही तर औषध नाकातून घशात आणि तिथून रक्तात जातं. घशाशी कडू लागलं तर थेंब कुठे गेला हे समजा. शेवटी पापणीवरचा ओघळ टिपून घ्या. दुसरं औषध असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, मलम असेल तर सगळ्यांत शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स थेंबानंतर पंधरा मिनिटांनी.

हात थरथरत असतील तर बाटली धरलेल्या हाताची मूठ कपाळावर टेकवावी. तरी नेम चुकत असेल तर आडवं होऊन, डोळा मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकावा आणि मग डोळा उघडावा. तो आपोआप आत जातो. फ्रिजमधला गार थेंब पडलेला स्पष्ट कळतो, त्यामुळे ‘पडला की नाही’ म्हणून दुसरा घालणं टळतं. संधिवाताने बोटं आखडली असतील तर बाटली पिळणंच जड जातं. तिथे सून, मुलगा, नातू, जो कोणी रात्री घरी असेल त्याच्याकडे ते काम सरळ सोपवावं. संकोचापायी हुकलेला थेंब हा निव्वळ तोटा.

लॅटानोप्रोस्टसारख्या औषधांची न उघडलेली बाटली सहसा २ ते ८ अंशांत ठेवायची असते, उघडल्यावर २५ अंशांखाली. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात २५ अंश घरात कुठे सापडणार? फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या खणात नको. काही कंपन्यांच्या बाटल्यांना फ्रिज लागत नाही, लेबल वाचा. मेडिकलमधून आणताना ती उन्हात गाडीच्या डिकीत तासभर पडू देऊ नका. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकून द्या, थोडं औषध उरलं असलं तरी. आणि ती कानाच्या थेंबांजवळ किंवा चटकन चिकटणाऱ्या गोंदाच्या नळीजवळ कधीही नको. अंधारात चाचपडत उचललेली चुकीची बाटली हा विनोदाचा विषय नाही.

कोणत्या औषधाने काय होऊ शकतं ते ठाऊक असलं की लोक ते मध्येच सोडत नाहीत. लॅटानोप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट हे रात्री एकदा घालायचे: डोळे लालसर होतात, पापण्यांचे केस लांब-दाट होतात, पापणीची कातडी काळवंडते (ओघळ टिपायचा तो म्हणूनच). टिमोलॉल स्वस्त आणि चांगलं, पण दमा असलेल्यांना आणि ज्यांची नाडी मुळातच मंद आहे त्यांना धोक्याचं. थेंब डोळ्यातला असला तरी श्वास कोंडू शकतो. दमा आहे का, हे पेशंटला कुणी विचारलंच नाही असं होऊ शकतं, म्हणून आपणहून सांगा. ब्रिमोनिडीनने तोंड कोरडं पडतं, पेंग येते, आणि काहींना काही महिन्यांनी डोळे लाल होऊन खाज सुटते. लहान बाळांना ते देत नाहीत. डॉर्झोलामाइड चुरचुरतं. असेटाझोलामाइडच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. मुतखडा झालेला असेल तर आधी सांगावं. त्रास झाला तर औषध बदलता येतं. स्वतःहून बंद केलं तर दाब गुपचूप पुन्हा चढतो.

तपासणीच्या दिवशी एक गंमत चालते. काही जण ‘आज दाखवायचंच आहे’ म्हणून थेंब घालत नाहीत, आणि बरेच जण दोन महिने हुकवून तारखेआधीच्या आठवड्यात मनापासून घालतात. दोन्हींत डॉक्टरांना दिसतो तो दाब खोटा असतो. पहिल्यात विनाकारण औषध वाढतं. दुसऱ्यात दाब १५ आणि फील्ड मात्र खालावतंय असं कोडं पडतं. मग ऑपरेशनची भाषा सुरू होते. किती थेंब हुकले ते खरं सांगितलं तर कुणी रागावलंच तर पाच मिनिटं रागावेल. हुकलेला थेंब आठवताच घाला, दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

थेंब जमतच नसतील तर लेसर आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ अभ्यासात, उघड्या कोनाच्या ज्या पेशंटना आधी जाळीवर एसएलटी लेसर केलं, त्यांतले ७४ टक्के तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय होते. परिणाम काही वर्षांनी ओसरतो, पुन्हा करता येतं. ऑपरेशनमध्ये पांढऱ्या भागात द्रवासाठी नवी वाट करतात किंवा बारीक नळी बसवतात. मदुराईत बनणारी ‘आडी’ ही नळी परदेशी नळ्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते. ऑपरेशननंतर नजर वाढत नाही, कधी थोडी धूसरही होते. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर ऑपरेशन फसलं असं वाटून माणूस पुढच्या तपासण्याच सोडतो.

बंद कोनाचा काचबिंदू बहुधा गुपचूपच वाढतो, पण कधी एका रात्रीत उसळतो. अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात, डोळा लाल, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं. घरी निदान होतं: पित्त. नाहीतर अर्धशिशी. लिंबू-सरबत आणि झोप. तोवर आत दाब ५०-६० वर असतो. डोकेदुखी आणि उलटीबरोबर एक डोळा लाल आणि धूसर असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डोळ्यांचं हॉस्पिटल गाठावं. चाळिशीपुढच्या बायका आणि अधिक नंबरचा, म्हणजे लांबचंही भिंगाने बघावं लागणारा, चष्मा असलेले यांच्यात हे जास्त. कोन अरुंद आहे असं कळलं तर रंगीत पडद्याला लेसरने बारीक छिद्र पाडतात, काही मिनिटांचं काम, आणि दुसऱ्या डोळ्यालाही करतात. ते होईपर्यंत सर्दीच्या आणि पोटातल्या मुरड्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांतल्या काहींनी बाहुली मोठी होऊन कोन बंद पडतो. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्लाही असाच घात करतो: पिकून फुगलेलं भिंग रंगीत पडद्याला पुढे ढकलतं.

टाळता येण्यासारखा काचबिंदू म्हणाल तर तो स्टेरॉइडचा. मुलाचे डोळे दरवर्षी खाजतात, लाल होतात, मेडिकलवाला डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असलेली बाटली देतो, दोन दिवसांत आराम पडतो आणि ती बाटली घरात कायमची होते. साधारण तिघांतल्या एकाचा दाब या थेंबांनी वाढतो, काही आठवड्यांत, न दुखता. पापणीजवळ लावायची गोरं करणारी मलमं, दम्याचा पंप, सांध्यांच्या गोळ्या यांतूनही स्टेरॉइड जातं. पंप आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, पण दाब मोजत राहायचं असतं. डोळ्यांच्या बाटलीवरची घटकांची बारीक ओळ वाचायची सवय लावा. ‘-सोन’ किंवा ‘-लोन’ असा शेवट दिसला तर विचारा.

बाळांचं वेगळं. उजेडात डोळे घट्ट मिटतं, सतत पाणी येतं आणि बुबुळं नेहमीपेक्षा मोठी दिसतात, अशा बाळाचं कौतुक होतं, ‘किती टपोरे डोळे’. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि तिथे आठवड्यांना किंमत आहे. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांत तो जास्त दिसतो.

रोजच्या वागण्यात फार बदल लागत नाहीत. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, ते सोडा. सर्वांगासनासारखी डोकं खाली जाणारी आसनंही. पहाटे उठल्या उठल्या लिटरभर पाणी एका दमात पिण्याची पद्धत असेल तर तेच पाणी तासाभरात विभागून प्या, कारण एकदम प्यायल्याने दाब काही काळ चढतो. डॉक्टर तपासणीसाठी मुद्दाम हीच युक्ती वापरतात. रोज पायी फिरायला गेलं तर दाब किंचित उतरतो. मोबाइलने काचबिंदू होत नाही. मध, गुलाबपाणी, एरंडेल डोळ्यात घालून नस परत येत नाही, जंतू मात्र जातात.

घरात एकाला काचबिंदू निघाला तर सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो. चाळिशीनंतर त्यांनी वर्षा-दोन वर्षांतून एकदा दाखवावं. मधुमेह, मोठा उणे नंबर किंवा क्रिकेटचा चेंडू, विटी असं काही डोळ्याला लागलेलं असेल तर त्याआधीच. काउंटरवर ‘डोळे तपासायचेत’ एवढंच सांगितलं तर नंबर काढून मिळतो. सांगायचं ते असं: ‘भावाला काचबिंदू आहे. दाब, कोन आणि नस तिन्ही पाहून द्या.’ आणि बरोबर भावाच्या फायलीची झेरॉक्स न्या.